रंगाचा डबा, ड्रिल मशीन आणि दोन डोळे

दसरा तोंडावर आला की आमच्या जामखेडला रंगाचा वास सुटतो. कुणी घराला चुना देतो, कुणी दारे-खिडक्या तेलरंगाने रंगवतो, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नवा हात मारून घेतो. पाठोपाठ दिवाळी असते. रंगाऱ्यांना आणि फॅब्रिकेशनच्या दुकानदारांना जेवायला सवड मिळत नाही. आणि याच दिवसांत माझ्या दवाखान्यात डोळा झाकून, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, घाईघाईने येणारे रुग्ण वाढतात. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याआधीच्या एकाच आठवड्यात असे दोघे आले. पहिला वीस वर्षांचा मुलगा, वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा. गेटला रेड ऑक्साईड द्यायचे होते. डबा बरेच दिवस पडून असल्यामुळे तळाशी चिखलासारखा थर बसलेला. काठीने ढवळून हात भरून आले. मग त्याने सळईचा एक तुकडा वाकवला, ड्रिल मशीनमध्ये अडकवला आणि डब्यात घालून बटण दाबले. पुढच्या क्षणी डब्यातला रंग त्याच्या तोंडावर होता. दोन्ही डोळे लाल रंगाने माखले.

दुसरे पंचेचाळीस वर्षांचे एक रंगारी. पिंपात चुना विरवून ठेवला होता. तो ढवळायला त्यांनीही तसेच सळई लावलेले ड्रिल वापरले. एकच शिंतोडा उडाला, तोही एकाच डोळ्यात.

आज त्या मुलाला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसते. रंगाऱ्यांना त्या एका डोळ्याने उजेड-अंधार कळतो आणि समोर हात हलवला तर हलल्याचे कळते, त्यापलीकडे काही नाही. ते अजून रंगकाम करतात, पण शिडीच्या वरच्या पायरीवर चढत नाहीत. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले.

असे का झाले? चुना हा तेलरंगापेक्षा डोळ्याला कितीतरी घातक असतो, हे एक कारण आहेच. पण दुसरेही कारण आहे. मुलाच्या दुकानाशेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींनी त्याला तिथेच आडवा केला, पापण्या उघडून धरायला लावल्या आणि तांब्यामागून तांब्या पाणी डोळ्यांत सोडले. वीस मिनिटे त्या थांबल्या नाहीत. मी त्यांना विचारले, हे तुम्हाला कुणी शिकवले? त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई गावात आरोग्याचं काम करायच्या डॉक्टर. डोळ्यात काय बी गेलं तर पहिलं पाणी, असं त्या सारखं म्हणायच्या."

रंगाऱ्यांच्या डोळ्यात मात्र घरच्यांनी गाईचे तूप घातले. थोडे गार वाटले म्हणून ते दोन तास पडून राहिले. "आता धुकं दिसाया लागलंय डॉक्टरसाहेब," असे म्हणत ते माझ्याकडे आले, तेव्हा बुबुळ दुधी काचेसारखे झाले होते. पापणीच्या आत चुन्याचे कण तसेच चिकटून होते. मी डोळा धुतला, कण काढले आणि त्यांना लगेच नगरच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. पण जे नुकसान व्हायचे ते पहिल्या काही मिनिटांतच होऊन गेले होते.

डबा ढवळावाच का लागतो?

रंग म्हणजे साध्या भाषेत तीन गोष्टींचे मिश्रण. एक, रंग देणारी भुकटी. दोन, ती भुकटी भिंतीला किंवा लोखंडाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. आणि तीन, ते सगळे पातळ ठेवणारे पाणी, टर्पेंटाइन किंवा थिनर. यातली भुकटी जड असते. रेड ऑक्साईडमधली भुकटी म्हणजे लोखंडाचाच ऑक्साईड. पाण्याच्या सुमारे पाचपट जड. डबा पडून राहिला की ती तळाशी बसणारच. न ढवळता वरचा पातळ रंग लावला तर लोखंडाला संरक्षण मिळत नाही आणि वर्षभरात गंज फुटतो. म्हणजे ढवळणे आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न कसे ढवळावे, एवढाच आहे.

कारागिरांना मी नावे ठेवत नाही. दिवसाला दहा डबे काठीने ढवळणाऱ्याचे खांदे आणि मनगट किती दुखतात, हे मी तपासताना पाहतो. हाताशी यंत्र आहे, तर ते वापरावेसे वाटणे साहजिक आहे. मीही एकदा दवाखान्याला डिस्टेंपर द्यायचे ठरले तेव्हा शेजारच्यांचे ड्रिल मागून आणले होते आणि अर्धा डबा भिंतीऐवजी माझ्या सदऱ्यावर आला होता. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. म्हणून यंत्राचे चार धोके नीट समजून घेऊ.

पहिला धोका : वेग

साध्या १० मिलिमीटरच्या ड्रिल मशीनचा मोकळा वेग मिनिटाला साधारण २,५०० फेरे असतो. तुम्ही त्याला १० सेंटिमीटर रुंद वाकवलेली सळई लावली, तर तिचे टोक एका फेऱ्यात सुमारे ३१ सेंटिमीटर अंतर कापते. गुणाकार करून पाहा. ते टोक ताशी ४७ किलोमीटर वेगाने फिरते. मोटारसायकलच्या वेगाने फिरणारे लोखंड रंगाच्या उघड्या डब्यात घातल्यावर रंग कुठे जाणार? तेच यंत्र मिनिटाला ४०० फेऱ्यांवर चालवले तर टोकाचा वेग ताशी साडेसात किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका होतो. रंग ढवळायला तेवढा वेग पुरेसा असतो. जास्त वेगाने रंगात हवा शिरते, फेस होतो आणि भिंतीवर बारीक छिद्रे पडतात, म्हणजे कामही बिघडते.

कटिंगचा ग्राइंडर तर या कामासाठी कधीही हातात घेऊ नये. त्याचा वेग मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांपर्यंत असतो. त्याला सळई किंवा पट्टी बांधून ढवळण्याचा उद्योग मी ऐकला आहे. अशी सळई निसटली तर ती बाणासारखी सुटते.

दुसरा धोका : ठिणगी

नेहमीच्या ड्रिल मशीनच्या मागच्या बाजूला हवेसाठी फटी असतात. मशीन चालू असताना अंधारात त्या फटींतून डोकावले तर आत निळसर ठिणग्या दिसतात. मोटारीतील कार्बन फिरत्या भागावर घासतो, त्या ठिणग्या त्याच्या. लाकडाला भोक पाडताना त्यांनी काही बिघडत नाही. पण थिनरच्या उघड्या डब्यावर तेच मशीन धरले तर?

बऱ्याच थिनरमध्ये टोल्यूइन नावाचे द्रव्य असते. अवघ्या ४ अंश सेल्सिअस तापमानालाच त्याची पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. म्हणजे आपल्याकडे ऐन थंडीतसुद्धा ते धोकादायक आहे. त्याची वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते आणि चार पावलांवर चाललेल्या वेल्डिंगपर्यंत पोहोचते. साध्या टर्पेंटाइनला त्यासाठी साधारण ३५ ते ४० अंश लागतात. पण एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली तेवढे तापमान आपल्याकडे सहज होते. म्हणून नियम सोपा ठेवावा : ज्या रंगात थिनर किंवा टर्पेंटाइन आहे, त्यात विजेचे मशीन घालायचे नाही. आता बिनकार्बनची मोटार असलेली बॅटरीवरची मशीनही मिळतात. त्यांच्यावरही या बाबतीत विसंबू नये. मोठ्या कारखान्यांत अशा कामासाठी हवेच्या दाबावर चालणारी ढवळणी वापरतात, ती याच कारणासाठी.

तिसरा धोका : पीळ आणि वीज

घट्ट रंगात सळई डब्याच्या कडेला अडकली की दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर डबा गरकन फिरतो, नाही तर मशीन धरणाऱ्याचे मनगट फिरते. डबा दोन पायांत धरलेला असेल तर पत्र्याची कड पायाला कापते. बटण दाबून अडकवून ठेवण्याची सोय असलेल्या मशीनमध्ये हा प्रकार अधिक वाईट, कारण हात सुटला तरी मशीन थांबत नाही. डोक्यावरचा गमछा, सदऱ्याची सैल बाही, भगिनींच्या साडीचा पदर, मोकळे केस, सुती हातमोजे हे सगळे फिरत्या सळईत गुंडाळले जाऊ शकते.

पाण्याच्या रंगात किंवा चुन्यात पेट घेण्याची भीती नाही, पण तिथे विजेचा धक्का आहे. ओले हात, ओली फरशी, जोड दिलेली वायर आणि अर्थिंग नसलेला बोर्ड ही चौकडी जमली की जीव जाऊ शकतो. ज्या बोर्डावरून मशीन चालवता त्याला ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, ते बसवून घ्यावे. त्याची किंमत एका जिवापुढे काहीच नाही.

चौथा धोका : वाफ आणि धूळ

जोरात ढवळले की थिनर जास्त उडते आणि ती वाफ थेट ढवळणाऱ्याच्या नाकाखाली येते. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, दारू प्यायल्यासारखी गुंगी येते. बंद खोलीत माणूस बेशुद्धही पडू शकतो. नाकाला रुमाल बांधून किंवा धुळीचा पांढरा मास्क लावून ही वाफ अडत नाही. ती अडते फक्त कार्बनची डबी बसवलेल्या मास्कने. त्याहून सोपा उपाय म्हणजे हे काम उघड्यावर करणे. गरोदर भगिनींनी आणि लहान मुलांनी तिथे थांबू नये. उरलेले थिनर शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर ताबडतोब सोडावी. पाणी समजून मुले ते पितात. असे झालेच तर ओकारी काढू नये, कारण ओकताना थिनर फुप्फुसात शिरते. मुलाला तसेच थेट दवाखान्यात न्यावे.

जुना रंग खरवडण्याविषयीही एक गोष्ट सांगतो. घराच्या रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांवर शिसे असू शकते. असा रंग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून कोरडाच उडवला तर शिशाची धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि त्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ठरलेले नाही. म्हणून जुना रंग ओला करून, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासावा आणि जागा ओल्या फडक्याने पुसावी.

मग ढवळावे कसे?

रंग विकत घेताना मोठ्या दुकानात डबा बंद असतानाच यंत्रावर हलवून घ्यावा. रंग कालवण्याचे यंत्र असते, तिथे हे हलवण्याचे यंत्रही बहुधा असते. घरी पडून असलेला डबा आदल्या रात्री झाकण घट्ट बसवून उलटा ठेवावा. तळाचा थर आपोआप सुटू लागतो.

सकाळी डबा सुलटा करून वरचा पातळ रंग अर्ध्यापर्यंत दुसऱ्या रिकाम्या डब्यात ओतून घ्यावा. खाली राहिलेला घट्ट भाग चपट्या लाकडी पट्टीने, तळ खरवडत ढवळावा. गोल काठीपेक्षा चपटी पट्टी कितीतरी चांगले काम करते. मग ओतून घेतलेला पातळ रंग थोडा थोडा परत घालत जावा. शेवटी दोन डब्यांत चार-पाच वेळा वरखाली ओतावे, आपण गरम दूध गार करतो तसे. चार लिटरच्या डब्याला या रीतीने फार वेळ लागत नाही आणि खांदाही भरून येत नाही.

पाण्याच्या रंगाची वीस लिटरची बादली किंवा पुट्टी असेल तर मशीन वापरायला हरकत नाही. मात्र ढवळण्यासाठी मिळणारी पात्याची दांडीच वापरावी, वाकवलेली सळई नको. वेग कमी-जास्त करता येणारे मशीन घ्यावे आणि ते सर्वांत कमी वेगावर चालवावे. बादली दोन तृतीयांशाहून जास्त भरलेली नसावी आणि ती विटांच्या आधाराने घट्ट बसवलेली असावी. पाते तळाजवळ नेल्यावरच मशीन चालू करावे आणि पूर्ण थांबल्यावरच वर काढावे. बहुतेक शिंतोडे फिरते पाते वर उचलताना उडतात. आणि डोळ्यांना बाजूंनीही बंद असलेला गॉगल हवाच. नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल पुरेसा नाही. मी चष्म्यामुळे वाचलो, तो नशिबाचा भाग होता.

चुन्याच्या बाबतीत तर मशीन नकोच. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो आणि हात न लावताही उडतो. तो विरवून रात्रभर थंड होऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी लांब दांडक्याने, गॉगल लावून, सावकाश ढवळावा. मुलांना पिंपाजवळ फिरकू देऊ नये.

डोळ्यात गेलेच तर

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. हा कापून दुकानाच्या भिंतीला चिकटवला तरी चालेल.

पहिल्या मिनिटात पाणी. गाडी शोधू नका, फोन करत बसू नका, मला विचारायला येऊ नका. स्वच्छ पिण्याचे पाणी उत्तम, ते नसेल तर नळाचे, हापशाचे चालेल. ज्या डोळ्यात गेले आहे ती बाजू खाली करून रुग्णाला झोपवा. पापण्या बोटांनी उघडून धरा, कारण रुग्ण स्वतः डोळा उघडूच शकत नाही. नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूकडे पाण्याची बारीक धार सोडत राहा. रुग्णाला डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायला सांगा.

रंग गेला असेल तर किमान पंधरा ते वीस मिनिटे धुवा. चुना किंवा सिमेंट असेल तर किमान अर्धा तास. एक बादली पुरत नाही, दोन-तीन लागतात. चेहऱ्यावरचा कोरडा चुना आधी झटकून टाका. पापणीच्या आत कण दिसले तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने अलगद टिपून घ्या.

चुन्याची एवढी घाई कशासाठी? आम्ल डोळ्यात गेले तर ते वरच्या थराला गोठवते आणि तो गोठलेला थर बहुधा पुढचा मार्ग काही प्रमाणात अडवतो. चुना हा अल्क आहे. तो पेशींच्या वेष्टणातील स्निग्धांशाचा अक्षरशः साबण करतो आणि आत आत शिरत जातो. पापणीखाली अडकलेला एक कण तासन्‌तास हे काम करत राहतो. तूप घातले की तो कण धुऊन जाण्याऐवजी तिथेच चिकटून राहतो.

म्हणून तूप, मध, दूध, गुलाबपाणी, खोबरेल यातले काही घालू नका. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका. डोळा चोळू नका. घरात पडलेले जुने ड्रॉप टाकू नका. धुऊन झाल्यावर नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि वाटेतही जमेल तसे पाणी सोडत राहा. बरे वाटले तरी दाखवणे टाळू नका.

जामखेडकरांना हे नवे वाटू नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, फारशा न शिकलेल्या स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले, तर डॉक्टर पोहोचण्याआधीच कितीतरी जीव वाचतात, हे या तालुक्याने जगाला दाखवले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो या कामासाठी. टपरीवरच्या मावशींनी त्या मुलाचे डोळे वाचवले ते याच परंपरेतून. आमच्या गावापासून नेत्रतज्ज्ञ दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. पण पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे आणि पहिल्या पाच मिनिटांत तो तांब्या जे करतो, ते पुढे मला किंवा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला करता येत नाही.

यंदा खंडेनवमीला दुकानातल्या मशीनला हळदकुंकू वाहाल, फुले घालाल. त्याच वेळी मशीनशेजारच्या खिळ्याला एक गॉगल अडकवा, खाली झाकलेली पाण्याची बादली आणि एक तांब्या ठेवा, आणि दुकानातल्या प्रत्येक पोराला, शेजारच्या टपरीवाल्यालासुद्धा, त्या बादलीचा उपयोग सांगून ठेवा. रोज सकाळी बादलीतले पाणी बदलायला विसरू नका.